तारण कुणाचं होणार, हे देवानं आधीच ठरवलंय का? या एका प्रश्नावर ल्यूथरन चर्च ४०० वर्षं का भांडत राहिलं?

वाळूज एमआयडीसीला लागून असलेल्या बजाजनगरमध्ये 'नशीब' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल, याचा हिशेब लागणार नाही. कंपनीत पर्मनंट झाला, की 'नशिबात होतं'. सात महिन्यांनी ब्रेक मिळाला, की 'नशिबातच नव्हतं'. घरात बाळ जन्मलं, की पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवायचं, कारण ती येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं भविष्य लिहून जाते. आणि आषाढी एकादशीला हीच माणसं शेजारच्या छोट्या पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभी राहतात. कपाळावर काहीही लिहिलेलं असो, विठ्ठलाची कृपा झाली तर सगळं नीट होईल, हा विश्वासही तितकाच पक्का असतो.

थोडक्यात, सगळं आधीच ठरलंय असंही मानायचं आणि देवाकडे मागायलाही जायचं. आपल्याकडे या दोन गोष्टी एकाच घरात भांडण न करता राहतात. युरोपातल्या ल्यूथरन चर्चला मात्र त्या एकत्र ठेवताना नाकी नऊ आले. देवानं आधीच ठरवलं असेल तर माणसाच्या हातात काय उरतं, या प्रश्नावरून तिथे प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, एकाला तर अटक झाली. पुढे हाच वाद अमेरिकेत पोहोचला आणि गावागावातल्या मंडळ्या फुटल्या.

हा वाद नेमका होता काय? तो इतका चिघळला कशामुळे? आणि शेवटी मिटला तरी कसा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया: हे 'नशीब' नाही

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या विषयाला पूर्वनियोजन किंवा निवड म्हणतात. नाव ऐकलं की आपल्याला विधिलिखित आठवतं. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

नशिबात सगळंच येतं. नोकरी, लग्न, अपघात, आजारपण, सगळं. ल्यूथरन चर्चमधला वाद या कशाबद्दलही नव्हता. तो फक्त एकाच गोष्टीबद्दल होता, ती म्हणजे तारण. मेल्यावर माणूस देवाजवळ जाणार की नाही, आणि हे ठरवतं कोण?

दुसरा फरक कर्माचा. कर्मसिद्धान्तात आज जे वाट्याला येतं ते आपल्याच आधीच्या कर्माचं फळ असतं. मग माणसाला स्वातंत्र्य उरतं का, हा प्रश्न तिथेही येतोच. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्य'मध्ये कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं ते यासाठीच. ख्रिस्ती विचारात मात्र मागचा जन्म नाही. तिथला प्रश्न असा की, जग निर्माण करण्याच्याही आधी देवानं काही माणसांना तारणासाठी निवडलं का? आणि निवडलं असेल तर कशाच्या आधारावर?

बायबलमध्ये या बाबतीत तीन गोष्टी सापडतात.

१. तारण केवळ देवाच्या कृपेनं होतं. माणसाच्या पुण्याईनं होत नाही.

२. सगळ्या माणसांचं तारण व्हावं, अशी देवाची इच्छा आहे.

३. तरीही सगळ्यांचं तारण होत नाही.

यातली कुठलीही दोन विधानं घ्या, ती एकमेकांना चिकटतात. तिन्ही एकत्र ठेवली की गाठ बसते. कृपा हेच एकमेव कारण असेल आणि सगळे तरत नसतील, तर उरलेल्यांना देवानंच सोडून दिलं म्हणायचं का? आणि देवाला सगळेच हवे असतील, तर फरक माणसात आहे म्हणायचं का? पण फरक माणसात असेल, तर मग 'केवळ कृपा' कुठे राहिली?

बहुतेक पंथांनी यातलं एखादं विधान थोडं सैल केलं आणि गाठ सोडवली. ल्यूथरन चर्चनं तिन्ही विधानं घट्ट धरून ठेवायचं ठरवलं. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

एका घाबरलेल्या साधूपासून सुरुवात

मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापांची कबुली, सगळं करूनही त्याच्या मनातली भीती जात नव्हती. देवानं आपल्याला निवडलंच नसेल तर? मग या सगळ्याचा उपयोग काय?

त्याचे मठातले वरिष्ठ योहान फॉन स्टाउपित्झ यांनी त्याला सल्ला दिला. देवाच्या मनात काय आहे हे शोधत बसू नकोस, वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असा त्याचा आशय होता. ल्यूथर हा सल्ला आयुष्यभर विसरला नाही. तो लक्षात ठेवायला हवा, कारण ल्यूथरन चर्च फिरून फिरून याच जागी येतं.

१५१७ मध्ये ल्यूथरनं पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोपात धर्मसुधारणेची चळवळ पेटली. सात वर्षांनी, १५२४ मध्ये त्या काळातला सगळ्यात नावाजलेला विद्वान, डच मानवतावादी इरॅस्मस यानं ल्यूथरविरुद्ध लेखणी उचलली. विषय होता माणसाची स्वतंत्र इच्छा. इरॅस्मसचं म्हणणं साधं होतं. माणूस काहीच करू शकत नसेल, तर देवाच्या आज्ञांना अर्थ काय? शिक्षेला न्याय कसा म्हणायचा? कृपेचा वाटा मोठा आहे हे मान्य, पण माणसाचा छोटासा वाटा तरी असलाच पाहिजे.

ल्यूथरनं १५२५ च्या अखेरीस उत्तर दिलं. त्याच्या ग्रंथाचं नावच 'बद्ध इच्छा' अशा अर्थाचं होतं. घरात काय खायचं, कुठला धंदा करायचा, यात माणूस स्वतंत्र आहे. पण देवाकडे वळायच्या बाबतीत त्याची इच्छा एखाद्या जनावरासारखी आहे, आणि त्याच्यावर एक तर देव स्वार होतो किंवा सैतान, असा दृष्टान्त त्यानं दिला.

ऐकायला हे कठोर वाटतं. ल्यूथरसाठी मात्र यात दिलासा होता. तारण आपल्या हातात असतं तर आपण पुरेसं केलं की नाही, ही शंका कधीच संपली नसती, असं त्याचं म्हणणं होतं. मठात तो याच शंकेनं पोखरला गेला होता. तारण देवाच्या हातात आहे म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा शांत झोप लागण्यासारखं काही मिळालं.

माकडाचं पिल्लू की मांजरीचं?

पुढचा वाद समजून घ्यायला दक्षिण भारतातलं एक उदाहरण फार उपयोगी आहे. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेन्कलै. त्यांच्यातला एक फरक दोन पिल्लांच्या दृष्टान्तानं सांगतात. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं. आई उडी मारते, पण धरण्याचं काम पिल्लाचं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला मानगुटीला धरून उचलते आणि सुरक्षित जागी नेऊन ठेवते. भक्त यातला कुठला?

ल्यूथर मांजरीच्या पिल्लाच्या बाजूचा होता. त्याचा जवळचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन सुरुवातीला त्याच्याच मताचा होता. पण वर्षं गेली तसा तो बदलत गेला. मेलांख्थॉन मुळात शिक्षक. लोक 'देव करेल तेव्हा करेल' म्हणून हातावर हात ठेवून बसतील, ही त्याला काळजी. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्यानं लिहिलं की, माणूस देवाकडे वळतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात. देवाचं वचन, पवित्र आत्मा आणि त्या वचनाला विरोध न करणारी माणसाची इच्छा.

ही तिसरी गोष्ट, म्हणजे पिल्लानं आईला थोडं तरी धरणं. १५४६ मध्ये ल्यूथर वारला आणि यावरून ल्यूथरन लोकांत उघड फूट पडली.

लसूण चोळलेलं चुंबक आणि तुरुंग

१५५५ मध्ये लायपझिगचा योहान फेफिंगर यानं मेलांख्थॉनच्या बाजूनं लिहिलं. दुसऱ्या बाजूला मॅथियास फ्लाकियस उभा राहिला. हा मूळचा आजच्या क्रोएशियातला, अत्यंत हुशार आणि तितकाच हट्टी.

येना विद्यापीठातला प्राध्यापक व्हिक्टोरिन स्ट्रिगेल मेलांख्थॉनच्या बाजूचा होता. सॅक्सनीच्या ड्यूकनं काढलेल्या धार्मिक जाहीरनाम्याला त्यानं विरोध केला, म्हणून १५५९ मध्ये सैनिकांनी त्याला घरातून उचललं आणि तुरुंगात टाकलं. तारण कुणाच्या हातात आहे यावरच्या मतासाठी एका प्राध्यापकाला कैद झाली होती, तीही स्वतःच्याच पंथाच्या राजाकडून.

सुटल्यावर ऑगस्ट १५६० मध्ये वायमारला ड्यूकसमोर स्ट्रिगेल आणि फ्लाकियस यांचा जाहीर वाद झाला. स्ट्रिगेलनं एक मजेदार उदाहरण दिलं. चुंबकाला लसणाचा रस चोळला की त्याची ओढण्याची शक्ती दबते, असा त्या काळी समज होता. स्ट्रिगेल म्हणाला, पापानं माणसाच्या इच्छेचं तसंच झालंय. शक्ती दबली आहे, पण चुंबक अजून चुंबकच आहे. फ्लाकियसला हे मान्य नव्हतं. वादाच्या भरात तो इतका पुढे गेला की, पाप हेच आता माणसाचं मूळ द्रव्य झालं आहे, असं म्हणून बसला.

हे त्याच्या मित्रांनाही पटेना. माणूस म्हणजेच पाप असेल, तर माणसाला घडवणाऱ्या देवानं पाप घडवलं असा अर्थ निघतो. फ्लाकियसनं शब्द मागे घेतले नाहीत. पुढच्याच वर्षी त्याचीही येनातली नोकरी गेली. १५७५ मध्ये तो मेला तोवर गावोगाव आसरा शोधत फिरत राहिला. म्हणजे वादातले दोघंही बरबाद झाले आणि प्रश्न होता तिथेच राहिला.

कॅल्व्हिन सरळ गेला, ल्यूथरन थांबले

याच काळात जिनिव्हात जॉन कॅल्व्हिननं तर्क शेवटपर्यंत नेला होता. देवानं काहींना तारणासाठी निवडलं आणि काहींना नाशासाठी ठेवलं, दोन्ही निर्णय त्याचेच, असं त्यानं शिकवलं. यात तर्काची गाठ सुटते, पण दुसरं विधान, म्हणजे देवाला सगळ्यांचं तारण हवंय हे, अडचणीत येतं.

१५६० च्या दशकात स्ट्रासबुर्गमध्ये हे दोन्ही प्रवाह समोरासमोर आले. कॅल्व्हिनच्या विचारांचा जेरोम झांकी आणि ल्यूथरन योहान मारबाख यांच्यात १५६१ ते १५६३ वाद चालला. शेवटी झांकीला शहर सोडावं लागलं.

आपलं घर सावरायला ल्यूथरन विद्वानांनी १५७७ मध्ये एक मसुदा तयार केला. याकोब आंद्रेए, मार्टिन केम्निट्झ आणि निकोलाउस सेलनेकर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. याला 'फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड' म्हणतात, म्हणजे एकमताचा मसुदा. १५८० मध्ये तो इतर श्रद्धाविधानांसोबत ग्रंथरूपात आला.

त्यातलं अकरावं कलम निवडीबद्दल आहे. त्याचं सार असं:

देव कुणाला निवडतो याचं कारण माणसात नाही, फक्त त्याच्या कृपेत आहे.

सुवार्तेचं बोलावणं सगळ्यांसाठी खरंखुरं आहे, वरवरचं नाही.

नाश होतो तो माणसाच्या स्वतःच्या नकारामुळे. देवानं कुणालाही नाशासाठी निवडलेलं नाही.

मग एकाच्या मनात विश्वास येतो आणि दुसऱ्याच्या नाही, असं का? यावर मसुदा सांगतो की, ते देवानं उघड केलेलं नाही. तिथे खणत बसू नका, ख्रिस्ताकडे बघा. स्टाउपित्झनं तरुण ल्यूथरला दिलेला सल्ला आता चर्चचा अधिकृत दस्तऐवज झाला होता.

गंमत म्हणजे, या विषयावर आपल्यात अजून जाहीर भांडण झालेलं नाही, पण पुढच्या पिढ्यांत होऊ नये म्हणून हे लिहितोय, असंही या कलमात म्हटलंय. पुढच्या पिढ्यांनी काय केलं ते आता पाहू.

'विश्वास पाहून' या दोन शब्दांनी घोळ घातला

एकमताच्या मसुद्यात एक जागा रिकामी सोडली होती. माणसाला रिकामी जागा बघवत नाही. १५९० च्या दशकात विटेनबर्गमध्ये सॅम्युएल हूबर म्हणू लागला की, देवानं सरसकट सगळ्यांनाच निवडलंय. त्याला उत्तर देताना एगिडियस हुनियस या धर्मपंडितानं दुसरी मांडणी पुढे केली. देवाला भविष्य दिसतं. कोण विश्वास ठेवणार हे त्याला आधीच माहीत असतं. त्या विश्वासाकडे पाहून देव निवड करतो.

ही मांडणी सुटसुटीत होती. देव अन्यायी ठरत नाही आणि कॅल्व्हिनलाही उत्तर मिळतं. सतराव्या शतकातल्या बहुतेक ल्यूथरन पंडितांनी ती उचलली. १७३७ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात एरिक पाँटोप्पिडान यांची प्रश्नोत्तरी आली. तिच्यात निवडीबद्दलचं उत्तर याच पद्धतीचं होतं. नॉर्वेतल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या ही प्रश्नोत्तरी पाठ करून मोठ्या झाल्या. त्याशिवाय चर्चमध्ये दृढीकरणच होत नसे.

पण विश्वास पाहून निवड झाली, तर निवडीचं कारण थोडं तरी माणसात आलं ना? मग तो विश्वास ही माणसाची कमाई झाली का? हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. तो विचारला गेला अमेरिकेत.

मिसुरीतलं एक भाषण आणि फुटलेली गावं

एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि नॉर्वेतून लाखो शेतकरी अमेरिकेच्या मधल्या राज्यांत जाऊन वसले. सोबत आपलं चर्चही घेऊन गेले. जर्मन ल्यूथरन लोकांची मिसुरी सिनड १८४७ मध्ये स्थापन झाली. तिचे पुढारी होते सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर. १८७२ मध्ये जर्मन आणि नॉर्वेजियन सिनडांनी मिळून एक महासंघही केला.

१८७७ मध्ये मिसुरीतल्या अल्टेनबर्ग गावी झालेल्या अधिवेशनात वॉल्थर यांनी निवडीवर निबंध मांडला. त्यांचं म्हणणं होतं की, विश्वास पाहून देव निवडत नाही. देव निवडतो, म्हणून माणसात विश्वास येतो. मूळ मसुदा हेच सांगतो, नंतरच्या पंडितांची भाषा सोडून द्या.

त्यांच्याच महासंघातले प्राध्यापक एफ. ए. श्मिट खवळले. हा तर कॅल्व्हिनचाच विचार मागच्या दारानं आणला जातोय, असा त्यांचा आरोप होता. १८८० मध्ये त्यांनी वॉल्थरविरुद्ध मासिकच सुरू केलं. वॉल्थर यांच्या बाजूनं उलटा आरोप झाला की, तुम्ही माणसाच्या विश्वासाला पुण्यकर्म बनवताय. दोन्ही बाजू ल्यूथरला मानणाऱ्या, त्याच मसुद्यावर सही करणाऱ्या, तरीही एक दुसऱ्याला कॅल्व्हिनवादी म्हणत होता, आणि दुसरा पहिल्याला कृपेचा शत्रू.

१८८१ मध्ये ओहायो सिनड महासंघातून बाहेर पडली. पण सगळ्यात जास्त होरपळले ते नॉर्वेजियन. त्यांचे पुढारी वॉल्थर यांच्या बाजूला, आणि पुष्कळ सामान्य शेतकरी विरुद्ध. त्यांच्या दृष्टीनं हा काही पंडिती वाद नव्हता. आईवडिलांनी शिकवलेलं, लहानपणी घोकून पाठ केलेलं उत्तर चुकीचं आहे, असं आता कुणीतरी प्राध्यापक येऊन सांगत होता.

१८८३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या नॉर्वे ग्रोव्हच्या मंडळीनं आपले पाळक हर्मन प्रूस आणि त्यांच्या मुलाला चर्चमधून बाहेर काढलं. प्रूस हे साधे पाळक नव्हते, संपूर्ण नॉर्वेजियन सिनडचे अध्यक्ष होते. १८८७ च्या सुमारास जवळपास एक तृतीयांश मंडळ्या सिनड सोडून गेल्या. चर्चची इमारत कुणाची, दफनभूमी कुणाची, यावरून तंटे झाले. कित्येक छोट्या वस्त्यांमध्ये एकाच भाषेची, एकाच देशातून आलेल्या लोकांची दोन चर्च उभी राहिली.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. माकडाच्या आणि मांजरीच्या पिल्लाचा दृष्टान्त सांगणाऱ्या वडकलै-तेन्कलै शाखांचे कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातले तंटेही कोर्टात गेलेत. वादाचा विषय तत्त्वज्ञानातून सुरू होतो आणि मंदिरात आधी कुणी म्हणायचं यावर येऊन पोहोचतो.

शेवटी समेट कसा झाला?

समेट विद्वानांच्या विजयानं झाला नाही. लोक थकले होते. एकाच गावात दोन पाळकांचे पगार परवडत नव्हते. नवी पिढी इंग्रजी बोलू लागली होती आणि आजोबांचं भांडण तिला समजतही नव्हतं.

२२ फेब्रुवारी १९१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी करार केला. त्यात कोण बरोबर हे ठरवलंच नाही. मसुद्याची भाषा, म्हणजे 'निवडीतून विश्वास', आणि पाँटोप्पिडान यांच्या प्रश्नोत्तरीची भाषा, म्हणजे 'विश्वास पाहून निवड', या दोन्ही मांडणी चर्चमध्ये चालतील, असं मान्य झालं. मात्र दोन सीमारेषा आखल्या. तारणाचं श्रेय माणसाला देईल अशी भाषा नको, आणि माणसाची जबाबदारी पुसून टाकेल अशीही नको.

या आधारावर १९१७ मध्ये तीन नॉर्वेजियन सिनड एकत्र आल्या. हा करार म्हणजे तत्त्वाशी तडजोड आहे, असं म्हणणारा एक छोटा गट बाहेर राहिला आणि त्यानं १९१८ मध्ये स्वतःची वेगळी सिनड काढली. तिचे वारस आजही वेगळे आहेत.

युरोपातही गाठ सैल झाली. १९७३ च्या ल्यूएनबर्ग करारात तिथल्या ल्यूथरन आणि कॅल्व्हिनपरंपरेतल्या चर्चनी जाहीर केलं की, निवडीवरून पूर्वजांनी एकमेकांचा केलेला धिक्कार आजच्या शिकवणीला लागू होत नाही.

भारतात आणि महाराष्ट्रात काय झालं?

भारतात ल्यूथरन मिशनरी १७०६ मध्येच तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला आले होते. पण अमेरिकेतल्या भांडणाच्या दोन्ही बाजू इथे पोहोचल्या त्या नंतर. मिसुरी सिनडनं १८९५ मध्ये तमिळ मुलखात कृष्णगिरीला काम सुरू केलं. तिच्याशी फारकत घेतलेली ओहायो सिनड विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आंध्रातल्या पुत्तूर आणि कोडूर भागात आली. ज्या शब्दांवरून या दोघींचं फाटलं होतं, त्यांच्याशी इथल्या तमिळ-तेलुगू शेतकऱ्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरी चर्च वेगळी झाली ती झालीच.

महाराष्ट्राच्या वाट्याला ल्यूथरन फार आले नाहीत. सीमेपलीकडे छिंदवाड्यात स्वीडिश ल्यूथरन मिशननं काम केलं. आपल्याकडे १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन आलं, नंतर स्कॉटिश मिशन आलं. या दोघांची मुळं कॅल्व्हिनच्या परंपरेत. स्कॉटिश चर्चच्या श्रद्धाविधानात तर पूर्वनियोजनावर स्पष्ट कलम आहे. १८७० च्या दशकात मेथडिस्ट आले. त्यांचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी पूर्वनियोजनाविरुद्ध १७३९ मध्येच कडक प्रवचन केलं होतं. म्हणजे या वादाची दोन्ही टोकं मराठी मुलखात हजर होती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय स्थापन झालं. त्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरा होती, अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्टांचा एक गटही होता. मोठं मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिलं आणि ल्यूथरनही यात नव्हते. पण ज्यांनी युरोपात निवडीवरून एकमेकांना नावं ठेवली, त्यांचे भारतीय वारस एका छताखाली आले. त्यासाठी पूर्वनियोजनाची परीक्षा कुणाला द्यावी लागली नाही. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यात आज सीएनआयच्या मंडळ्या आहेत.

मग ४०० वर्षांत हाती काय लागलं?

गाठ सुटली नाही. ती तीन विधानं आजही तशीच आहेत आणि एकाच्या मनात विश्वास का येतो आणि दुसऱ्याच्या का नाही, याचं उत्तर आजही कुठल्या ल्यूथरन मसुद्यात सापडत नाही.

पण या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ही शिकवण जेव्हा घाबरलेल्या माणसाला सांगितली गेली, तेव्हा तिनं धीर दिला. तुझं तारण तुझ्या कमाईवर टांगलेलं नाही, हे वाक्य मठातल्या ल्यूथरसाठी औषध होतं. तीच शिकवण जेव्हा 'कोण आत, कोण बाहेर' हे मोजायची फूटपट्टी बनली, तेव्हा तिनं स्ट्रिगेलला तुरुंगात घातलं, फ्लाकियसला देशोधडीला लावलं आणि प्रूस यांना त्यांच्याच चर्चबाहेर काढलं.

मॅडिसनला जमलेल्या नॉर्वेजियन प्रतिनिधींना हे कळायला ३५ वर्षं आणि शेकडो फुटलेल्या मंडळ्या लागल्या. त्यांनी प्रश्न सोडवला नाही. उत्तर माहीत नसतानाही एका बाकावर बसून प्रार्थना करता येते, एवढंच त्यांनी कागदावर लिहून सही केली.